त्यातल्या त्यात मंद

दुकानदार: हळू चालणारं? दादा, इतकी वर्षं या काउंटरमागे उभा आहे, हळू चालणारं मेमरी कार्ड आजवर कोणी मागितलं नाही.

वडील: मी मागतोय. आहे का तेवढं सांगा.

दुकानदार: आहे की. खालच्या खणात धूळ खात पडलंय. पण घेताय कशासाठी ते तरी कळू द्या. मोबाइलला, कॅमेऱ्याला?

वडील: हातात धरून गेम खेळायचं यंत्र असतं ना, त्याला. मुलीचं आहे, हे बघा. आतलं कार्ड मधेच गायब होतं, पुन्हा दिसतं. काल तर तिने खेळलेलं बरंच पुसलं गेलं.

दुकानदार: बघू. हं. हे आता शेवटच्या घटका मोजतंय. बरं झालं वेळेत आणलंत, आणखी चार दिवसांनी हाती काही लागलं नसतं. आता ही दोन पाकिटं बघा. इथे इंग्रजी यू अक्षराच्या पोटात आकडा आहे, दिसला? एक असेल तर बैलगाडी, तीन असेल तर मोटार. गेमला मोटारच हवी. याच्यावरचीही आहेत, पण ती तुमच्या गळ्यात नाही मारणार. यंत्राची खाच तेवढा वेग घेतच नाही. तीन घ्या आणि सुटा.

वडील: एकवालं द्या.

दुकानदार: किमतीत फार फरक नाही हो.

वडील: किमतीचं नाही.

दुकानदार: मग पोरीवर कसला राग काढताय? हे बसवलं तर खेळात पुढे जायचं म्हटलं की दर वेळी स्क्रीन काळी होणार आणि कोपऱ्यात ते चक्र फिरत बसणार. पोरगी वैतागून यंत्र तुमच्याच डोक्यात घालेल.

वडील: जुन्यातही तसंच होतं. मला तसंच हवंय.

दुकानदार: आता मात्र माझी मती गुंग झाली.

वडील: ती बोलते तेव्हा.

दुकानदार: कोण, मुलगी?

वडील: हो. उन्हाळ्यात तिची आई गेली. घरीच होती शेवटी, हॉलमध्ये कॉट टाकली होती. तेव्हापासून घरात पोरीने तोंड मिटलंय. शाळेतून आली की सोफ्यावर बसते, हातात हे. जेवायला हाक मारली तर नुसती मान हलवते. पण लोड व्हायला लागलं की वर बघते. माझ्याकडे. आणि बोलते. काहीही बोलते. बाईंनी केस कापले, मागच्या बाकावरच्या मुलीला ठसका लागला, असलंच. खेळ सुरू झाला की खाली मान.

दुकानदार: म्हणजे तेवढ्यापुरतंच.

वडील: तेवढ्यापुरतंच. मी पेपर घेऊन समोरच्या खुर्चीत बसतो. अक्षर वाचत नाही. यंत्र कधी अडकतंय याची वाट बघत असतो. आता तुमची मोटार बसवली की तेही गेलं.

दुकानदार: तुम्ही करता काय, दादा?

वडील: लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्हाला खोटं वाटेल, पण एरवी लिफ्टमध्ये शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. दोन मजल्यांच्या मधे अडकली की बोलायला लागतात. मी वर दोर तपासत असतो, खालून सगळं ऐकू येतं. मुलं किती, गाव कुठलं, सगळं निघतं.

दुकानदार: ते भीतीने बोलतात हो.

वडील: भीतीने का होईना, बोलतात.

दुकानदार: कळलं. घ्या, हे एकवालं. पण तुम्हाला सांगतो, मला हे देताना बरं वाटत नाहीये.

(काचेचं दार ढकलून मुलगी आत येते.)

मुलगी: बाबा, अजून किती वेळ? बाहेर ऊन लागतंय. काका, तुम्ही हे काय काढलंय? यावर एक लिहिलंय. तीनचं द्या ना.

दुकानदार: तुझ्या बाबांनीच हे सांगितलं, बाळा.

मुलगी: त्यांना यातलं काही कळत नाही. बाबा, हे जुन्यासारखंच चालेल. मला तीनचं हवं.

वडील: हळू असलं म्हणून काय बिघडलं? थोडं थांबायचं.

मुलगी: मला थांबायचं नसतं.

वडील: जरा डोळ्यांना विश्रांती मिळते. आपलं बोलणंही होतं. परवा तू त्या बाईंच्या केसांचं सांगितलंस, मला किती बरं वाटलं.

मुलगी: बाबा, प्लीज. तीनचं घ्या.

वडील: पण का?

मुलगी: स्क्रीन काळी होते ना, तेव्हा तिच्यात मागचं दिसतं.

वडील: मागचं काय?

मुलगी: कॉट. मी सोफ्यावर असते ना, मागे कॉट आहे. स्क्रीन काळी झाली की तीच दिसते. मग मी पटकन वर बघते. समोर तुम्ही असता. मग काहीतरी बोलते, ते संपेपर्यंत. त्या मुलीला ठसका वगैरे काही लागला नव्हता. मी असंच सांगितलं.

वडील: आधी का नाही बोललीस? त्याच दिवशी कॉट काढून टाकली असती.

मुलगी: तुम्ही झोपता तिच्यावर.

दुकानदार: मी आत जाऊन येऊ का, दादा?

वडील: नको. तीनवालं द्या.

दुकानदार: आणि हे?

वडील: ठेवा परत खणात.

मुलगी: बाबा, तुम्ही रागावलात?

वडील: नाही गं. तुझ्यावर कशाला रागावू? आज घरी गेलो की कॉट हलवतो.

मुलगी: नको. तुम्हाला दुसरीकडे झोप येत नाही. मला ऐकू येतं, तुम्ही आतल्या खोलीत झोपायला जाता आणि परत येता. कॉट राहू दे. नवीन कार्ड आलं की मला ती दिसणार नाही.

दुकानदार: हे बघ बाळा, जुन्यातलं जेवढं निघेल तेवढं नव्यात उतरवून देतो. पण वेळ लागेल हं.

मुलगी: नवीन तर फास्ट आहे ना?

दुकानदार: नवीन कितीही पळालं तरी वाचायचं या जुन्यातूनच. आणि हे दमलंय. घाई करून मधेच काढलं तर उरलंसुरलंही जाईल. पाऊण तास तरी धरा. यंत्र माझ्याकडेच राहू दे, तुम्ही त्या बाकावर बसा. पंखा लावतो.

वडील: चल, बसू.

मुलगी: पाऊण तास नुसतं बसायचं?

वडील: बसावं लागेल.

दुकानदार: उतरवायला लावलंय, दादा. आता हात लावायचा नाही.

मुलगी: बाबा.

वडील: हं.

मुलगी: आज तुम्ही बोला ना काहीतरी.