उपग्रहावर टाकलेलं कापड

नाही, पण मला काय वाटलं होतं, सांगू? मला वाटलं होतं, मी विमान नियंत्रण कक्षाचं दार उघडीन आणि समोर भिंतभर पडदा असेल, त्यावर अख्खा सहारा, आणि सहारावरून जाणारं प्रत्येक विमान हिरव्या ठिपक्यासारखं, नावासकट, उंचीसकट... आणि सगळे उठून म्हणतील, ये वसीला, तुझीच वाट बघत होतो. फ्रान्समधल्या तूलूझहून शिकून आलेय मी, तिथली नोकरी सोडून, का, तर आपलं आकाश आपल्या माणसांनी बघायला हवं म्हणून. आणि दार उघडल्यावर काय दिसलं? पडदा होता. नवा कोरा. त्याच्यावर क्रोशाचं कापड घातलेलं, आणि कापडाच्या मधोमध टाचलेला निळा पंजा.

मी म्हटलं, हे काय?

आमचे मुख्य नियंत्रक, सी बेल्कासेम (मोठ्या माणसाला आम्ही 'सी' म्हणतो), पेल्यात उंचावरून चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "बायकोनं विणलंय. बस पोरी."

"पण याच्यात विमानं दिसतात ना?"

"म्हणून तर झाकलंय. उडणाऱ्याकडे असं टक लावून बघू नये. दृष्ट लागते. पंजा त्यासाठीच."

मी समजावून सांगितलं. विमान आपली जागा स्वतःच उपग्रहांवरून काढतं, स्वतःच ती सांगत राहतं, वरचा दुसरा उपग्रह ते ऐकतो आणि इथे ठिपका उमटतो, वाळवंटात रडार पोचत नाही तिथलासुद्धा. म्हटलं, सी बेल्कासेम, उपग्रहाला सगळं दिसतं.

"मग बघू दे की त्याला. आपण कशाला?"

आणि यांची पद्धत काय, तर रेडिओ. विमान आमच्या हद्दीत शिरलं की हे माइक ओढून घेणार. "बोल रे भावा, कुठे पोचलास? आई कशी आहे? गुडघा? ऑपरेशन केलं की नाही अजून?" तेवढ्यात मागच्या विमानातला कोणीतरी मधे पडणार, "ऑपरेशन नको, दादा, माझ्या सासूचं फसलं, आता जिना चढत नाही..." मग सासू कुठली, कुठल्या गल्लीतली, तिचा भाऊ सैन्यात होता तोच ना? आणि उंची? उंची शेवटी, निरोप घेता घेता, चपला घालताना आठवावी तशी. हसताय तुम्ही. पण वाळूचं वादळ उठलं की रेडिओत नुसती खरखर, आणि मग ते विमान कुठे आहे हे बराच वेळ आमच्यापैकी कोणालाच माहीत नसतं. आत माणसं असतात हो. झोपलेली बाळं असतात. आणि आमच्यापासून हातभर अंतरावर, क्रोशाच्या कापडाखाली, तो ठिपका शांतपणे चालत असतो.

अशाच एका वादळात मी कापड ओढलं. सगळ्यांसमोर. सी बेल्कासेमनी ते उचललं, झटकलं, परत घातलं, पंजा सरळ केला आणि म्हणाले, "तूलूझला घड्या घालायला शिकवत नाहीत वाटतं."

सगळे हसले. चहावालासुद्धा.

त्या दिवशी मी ठरवलं, सूड घ्यायचा. साधासुधा नाही. उपग्रहातून.

कारण सी बेल्कासेम रोज दुपारची नमाज झाली की 'अँटेना तपासायला' टेकडीवर जायचे आणि संध्याकाळच्या चहाला परत यायचे. बुटांवर टेकडीची वाळू कधी दिसली नाही. बोटांना मात्र डॉमिनोच्या सोंगट्यांचा वास. सोंगट्यांना वास असतो का? झरूकच्या कॅफेतल्यांना असतो, तंबाखूचा.

आता धावपट्टीवरच्या गाड्यांना आम्ही एक डबी लावतो, गाडीसुद्धा पडद्यावर दिसावी म्हणून. त्यातली एक मी सी बेल्कासेमच्या जुन्या प्युजो गाडीच्या सीटखाली चिकटवली. राजधानीहून डायरेक्टर येणार होते, त्याच दिवशी. ते हो म्हणाले की यंत्रणा सुरू, नाही म्हणाले की पडदा परत खोक्यात, आणि त्याच खोक्यात मी. एका दगडात दोन्ही कामं! मी तर उत्तर आरशासमोर पाठ केलं होतं.

डायरेक्टर आले. सी बेल्कासेम नेमके 'टेकडीवर'. मी कापड काढलं... आणि काय सांगू, अख्खा सहारा उजळला. लागोसहून पॅरिसला जाणारं, कैरोहून येणारं, एकेक ठिपका. डायरेक्टर चष्मा सावरत पुढे झाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

"आणि हे कोणतं विमान? उंची शून्य. वेग शून्य."

"ते आमचे मुख्य नियंत्रक, साहेब," मी गोड आवाजात म्हटलं. "अँटेना तपासतायत."

साहेब आणखी वाकले. ठिपक्यावर बोट टेकवलं. मी मनात म्हटलं, आता बघा, उपग्रहाला सगळं दिसतं.

"हे झरूकचं कॅफे ना?"

"हो, साहेब."

"अजून आहे ते? मी नोकरीला लागलो तेव्हा त्याच टेबलावर बसायचो. बेल्कासेमचा जोडीदार होतो मी." आणि टोपी उचलून, "जीप काढा रे."

जीपलाही डबी असते, तुम्हाला सांगते. मी उभी राहून बघत होते. दुसरा ठिपका फाटकातून निघाला, गल्लीतून वळला आणि पहिल्या ठिपक्याला जाऊन चिकटला. उंची शून्य, वेग शून्य. वरून लागोस गेलं, कैरो गेलं, हे दोघे जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी साहेब परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरी, यंत्र उत्तम आहे. मी बेल्कासेमला म्हटलं, मी जिंकलो तर उद्यापासून कापड निघेल."

"आणि?"

"माझ्याकडे डबल सहाची सोंगटी अडकली गं."

मागून सी बेल्कासेम आले, कापड घातलं, पंजा सरळ केला. "चहा घे, पोरी."

रात्रभर विचार केला. तूलूझला परत जावं का? तक्रार करावी? कोणाकडे, हरलेल्या डायरेक्टरकडे? आमच्या गावात बायका कॅफेत पाऊल टाकत नाहीत. सकाळी उठले, बाजारातून डॉमिनोचा डबा घेतला आणि सरळ झरूकला जाऊन सांगितलं, दुपारी माझी खुर्ची मांडून ठेव, मी सी बेल्कासेमशी त्या कापडाच्या पैजेवर खेळणार आहे.

प्युजोतली डबी मात्र तशीच ठेवलीय. कापडाचा कोपरा जरा उचलला की पुरतं. उपग्रहाला सगळं दिसतं... डाव कधी मांडला, तेवढं तरी कळतं.