पाटीवर ‘पेय’ लिहिलंय

सून : अहो आई, वाडग्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका! चॉकलेटचा गोळा होईल, मग वड्या विसरा.

सासू : नाही जात. तू जातेस त्याच थंड खोलीत बावीस वर्षं सफरचंदं खोक्यांत भरली मी, एकाला डाग लागू दिला नाही. थेंब सांभाळता येतो मला.

सून : बरं, दूध पावडर घाला आता. मी कोको चाळते. पण आधीच सांगते, मी या वड्या उद्या कामावर नेणार नाहीये. घरीच गरम पाण्यात विरघळवून पिऊ.

सासू : घरी शेगडी आहे, रजई आहे. घरच्यासाठी वड्यांना बुडवायच्या काड्या कोण लावत बसतं?

सून : मुकादमानं फाटकावर पाटी लावलीय. कुणाचा तरी चहा खोक्यांवर सांडला आणि सगळंच बंद झालं. मला एकदा ताकीद मिळालीय. पुन्हा सापडले तर घरी बसायची पाळी.

सासू : काय लिहिलंय पाटीवर?

सून : हेच, बाहेरचं काही आणायचं नाही.

सासू : असं नाही लिहिलेलं.

सून : तुम्ही कधी वाचलीत?

सासू : काल तुझा विसरलेला डबा घेऊन आले तेव्हा. चांगला पाव तास लागला. राखणदार म्हणाला, आजी, पाठ करताय का?

सून : मग? झाली पाठ?

सासू : ‘बाहेरून कोणतेही पेय आणू नये. यंत्रातील गरम पाणी घ्यावे.’ बस, एवढंच. तू शाळा शिकलेली, उडत उडत वाचतेस आणि उरलेलं भीतीनं भरून काढतेस. मी साठीला अक्षरं शिकले. एकेक लावत जाते. जे लिहिलंय तेवढंच मला दिसतं.

सून : पेय…

सासू : ही काल करून बघितलेली वडी घे. उलटी कर. सांडते?

सून : तुम्ही पण ना, आई! मुकादम म्हणेल, शब्दांचा खेळ करताय.

सासू : शब्द त्याचे. मी नुसते वाचले.

सून : बोलायला सोपं आहे. तुमच्या वेळी का नाही बोललात मग?

सासू : …दालचिनी दे इकडे.

सून : रागावलात?

सासू : तुझ्यावर नाही. आमच्या वेळचीही पाटी होती. त्या वेळचा मुकादम तिच्याकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, हातमोजे मिळणार नाहीत, हे बघा, लिहिलंय. आम्ही सगळ्या माना डोलवायचो. नव्या पाटीखाली ती जुनी अजून लटकतेय, गंजलेली. काल तीही वाचली.

सून : काय होतं तिच्यावर?

सासू : ‘हातमोजे मागितल्यास मिळतील.’

सून : आई…

सासू : हा अंगठा बघ. वाकतो का?

सून : नाही.

सासू : बावीस हिवाळे. कुणी मागितलेच नाहीत. आणि परवा तू ताट घेताना बोटं चोळत होतीस. मला काय दिसत नाही?

सून : …पातेलं उतरवा. साचा कुठाय?

सासू : हा घे. बर्फाचाच आहे, पुसून कोरडा केलाय.

सून : चौदा कप्पे! आम्हीही चौदाजणीच आहोत.

सासू : मोजायला मला कधीच शिकावं लागलं नाही.

सून : काड्या लगेच नका रोवू, आडव्या पडतील. जरा घट्ट होऊ द्या.

सासू : म्हणजे नेणार?

सून : उघड्या डब्यातून नेणार. लपवायचं काय त्यात? सुट्टी झाली की यंत्राचं गरम पाणी घ्यायचं आणि पहिली काडी मी बुडवणार. त्याच्यासमोर.

सासू : वरून चिमूटभर मीठ भुरभुरव. चव येते.

सून : आणि त्यानं परवा नवी पाटी लावली तर?

सासू : लावू दे की. मी येईन वाचायला.