बदकांचं कळलं होतं

पुंजा : ती पोती खाली उतरवू नका, साहेब. जीपमध्येच राहू द्या.

किशोर : पुंजादादा, मी फक्त पाल्यासाठी नाही आलो. भागीमावशींचं मला फार उशिरा कळलं. काविळीनेच गेल्या म्हणे?

पुंजा : काविळीनेच. काविळीचं पान देणारी बाई काविळीने गेली. गाव हसून मोकळं झालं. आता तुम्ही वाईट वाटून घ्या.

किशोर : कधी झालं हे?

पुंजा : कुंभमेळ्यात. तिकडं नाशकात साधू नाहत होते, अन् ही इथं डोळे पिवळे करून पडली होती.

किशोर : मग दवाखान्यात का नाही नेलंत?

पुंजा : हे तुम्ही विचारता? जरा वर बघा. दाराच्या वर. काय टांगलंय?

किशोर : पेपरातला फोटो आहे. मावशींचा.

पुंजा : अन् शेजारी कोण उभा हाय?

किशोर : मी.

पुंजा : खाली लिहिलंय ते वाचा. मला वाचता येत नाय, पण पाठ हाय.

किशोर : 'काविळीवरील आदिवासी महिलेचे औषध प्रयोगशाळेत सिद्ध.'

पुंजा : मी गाडी बोलावली होती. तिला गाडीपर्यंत न्यायला माणसं झोळी घेऊन उभी होती. तर ही उठून बसली अन् म्हणाली, मीच सुई टोचून घेतली तर माझ्या दारी येणाऱ्यांनी काय समजायचं? साहेबाने तपासलंय, पेपरात आलंय, मी कशाला भिऊ? गाडी परत पाठवली. तुमच्या फोटोखाली अंथरूण होतं तिचं.

किशोर : दादा, तो मथळा मी दिला नव्हता. मी बातमीदाराला एवढंच सांगितलं होतं की काचेच्या नळीत काविळीचा विषाणू ठेवला आणि पाल्याचा अर्क टाकला, तर त्याची वाढ कमी होते.

पुंजा : नळीत.

किशोर : हो. नळीत.

पुंजा : अन् माणसात?

किशोर : ते पुढं बघायचं होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही बदकांवर प्रयोग केला.

पुंजा : कशावर?

किशोर : बदकांवर. त्यांनाही काविळीच्या विषाणूसारख्याच एका विषाणूची लागण होते. त्यांना अर्क पाजला.

पुंजा : मग?

किशोर : फरक पडला नाही. पोटात गेल्यावर तो टिकत नसावा.

पुंजा : म्हणजे माझी बायको जिती होती, पानं वाटत होती, तेव्हा तुम्हाला बदकांचं कळलं होतं.

किशोर : हो.

पुंजा : पोती भरायला तुम्हाला हा रस्ता बरोबर सापडला होता. पावसात, चिखलात सापडला होता. मग हे सांगायला नाय सापडला?

किशोर : काम बंद पडलं होतं. पुढचे पैसे मिळाले नाहीत. मी दुसऱ्या कामाला लागलो. वाटलं, मावशी आधीपासून देतच होत्या, त्यात नवीन काय सांगायचं.

पुंजा : ती आदल्या सांजेला झाडाच्या बुडाशी तांदूळ ठेवायची. सांगायची, बाई, उद्या तुझा पाला नेणार हाय, अमक्या गावच्या अमक्यासाठी नेणार हाय. झाडाला सांगायची, साहेब. तुम्ही माणसाला नाय सांगितलं.

किशोर : माझं चुकलं.

पुंजा : मग एवढी वर्षं माणसं बरी झाली, ती कशाने झाली?

किशोर : बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. मावशी त्यांचं तेल बंद करायच्या, दारू बंद करायच्या, पडून राहायला लावायच्या. त्याचा उपयोग झालाच.

पुंजा : पण पाल्याचा नाय.

किशोर : पाल्याचा झाला, असं आज तरी म्हणता येत नाही.

पुंजा : हे तिच्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. तिने तुम्हाला काठी घेऊन हाकललं असतं. रात्रभर मलाही शिव्या दिल्या असत्या. पण गाडीत बसली असती.

किशोर : दादा, आता नव्या पद्धती आल्यात. पाल्यातला जो भाग काम करतो, तेवढाच वेगळा काढता येतो. तो पोटात टिकेल असा करता आला तर खरंच औषध निघेल. दुसरीकडचा पाला तपासला, त्यात तो गुण नाही. तुमच्याच डोंगराच्या उताराचा लागतो, आणि तो उतार आता तुमच्या घरातच माहीत आहे.

पुंजा : निघू द्या औषध. मी आडवा येत नाय. पण तोवर जे येतात त्यांचं काय? लोक अजून येतात. सून नाय म्हणते, तर तिच्या पाया पडतात. मग देते. मी ओरडतो, अरे, माझी स्वतःची गेली. तर म्हणतात, बायको मेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, पेपरवाले खोटं छापतील काय.

किशोर : तो कागद काढून टाका.

पुंजा : काढला होता. मग लोक म्हणाले, म्हाताऱ्याला औषध लपवायचंय. सुनेने परत लावला. माझं कोण ऐकत नाय. तुमचं ऐकतील, तुम्ही फोटोत हाय. उतार दाखवतो. पण आधी एकाला तरी तुमच्या तोंडाने सांगा.

(अंगणात एक तरुण येऊन उभा राहतो.)

तरुण : बाबा, काविळीचं पान देणाऱ्या बाई इथंच राहतात ना? मी चंदर, एकलहऱ्याहून आलोय. बायको खाली फाट्यावर बसलीय. तिला चढ चढवेना. दिवस गेलेत तिला.

पुंजा : डॉक्टरला दाखवलं?

चंदर : दाखवलं. तो ॲडमिट करा म्हणाला. पण शेजारीण म्हणाली, एकदा सुई टोचली की पान लागू पडत नाही. म्हणून आधी इकडं आलो.

पुंजा : साहेब, बोला.

किशोर : हे बघा, या वनस्पतीबाबत अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही, त्यामुळे ठोस निष्कर्ष काढणं...

पुंजा : तसं नको. मला बदकांचं सांगितलं तसं सांगा.

किशोर : चंदर, या पानाने कावीळ बरी होत नाही. मी तपासलंय. नळीत गुण दिसला, अंगात नाही आला. पोटुशा बाईला कावीळ झाली तर जिवावर बेततं. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं.

चंदर : पण तो फोटो? त्यात तर तुम्हीच आहात.

किशोर : मीच आहे.

चंदर : मग मला त्या बाईंनाच विचारू द्या.

किशोर : त्या नाहीत. त्याही काविळीनेच गेल्या. हेच पान घेत होत्या.

चंदर : मग हा पेपर अजून इथं कशाला लावलाय?

किशोर : मी सांगायला आलो नाही म्हणून. चला, माझी जीप आहे. फाट्यावरून तिला घेऊ आणि थेट नाशिकला जाऊ.

पुंजा : थांबा, साहेब. आता ती पोती उतरवा. पोरीला आडवं व्हायला जागा लागेल.