दार लावून घ्या, बाई

सुमन, तुझी सून शिक्षिका म्हणून लागली ना, तिला सांग, वर्गाचं दार लावून शिकव.

मी कोलशेतच्या ज्या शाळेत मावशी आहे, तिथे दुसरीला एक नवीन बाई आलेली. गोष्ट अशी सांगायची की मी झाडू धरून ऐकत उभी राहायचे. पण पोरं दंगा करायची. मग शेजारच्या वर्गातल्या जुन्या बाई यायच्या, टेबलावर डस्टर आपटायच्या, पोरं चिडीचूप. ही म्हणायची, "थँक्यू मॅडम."

मी म्हटलं, "थँक्यू कसलं? दार लावा. दंगा तुमचा, तुम्हीच आवरा. वेळ लागेल, पण ऐकतील पोरं."

"मावशी, त्या मदत करतात. त्यांच्या तोंडावर दार कसं लावू?"

दिवाळीच्या आधी एकदा ओरडून ओरडून तिचा घसा बसला. पुढच्या बाकावरची मुलगी उठली आणि मायेने म्हणाली, "बाई, तुम्ही बसा. मी शेजारच्या बाईंना बोलावून आणते."

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. अजून जीव हळहळतो गं.

जाताना दार लावलं तिने, पण बाहेरून.