सहा फुटी पाय

ड्रॉइंगमधली चूक आपणच सुधारायची आमची खोड एकदा चांगलीच अंगाशी आली, राव. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपला एका चिमुकल्या बेटाच्या देशाची ऑर्डर होती, सोलर पॅनेलच्या स्टँडची. ड्रॉइंगमध्ये पाय सहा फुटी. मालक नाना इथल्याच गावातले. म्हणाले, "एवढं उंच कुठं असतंय व्हय? चुकून लिवलंय. तीन फुटी करा." केले.

तपासणीला त्या देशाचा साहेब आला. टेप लावला, पुन्हा लावला. मग मला इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे समुद्र चढतोय. हे बुडतील."

मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "इचार, कशानं चढतोय?"

"जगाच्या धुरानं, म्हणतात."

"आन् यांचा धूर किती?"

मी इंग्रजीत विचारलं तसा साहेब हसला. "बेटावर एकच डिझेल जनरेटर. तोही बंद करू, असं जगाला लिहून दिलंय. म्हणून तर हे पॅनेल."

नाना दारातून हायवेकडे बघत राहिले. चाकणकडे निघालेल्या कंटेनरची रांग धूर सोडत उभी होती. मग त्यांनी वेल्डरला हाक मारली, "नवे पाय घे. सात फुटी."

"नाना, ड्रॉइंगमध्ये सहाच आहेत."

"ड्रॉइंग चुकलंय. आपल्या धुराचा एक फूट त्यांनी धरलाच न्हाई."