गुरुजींनी बघितलेली दोरी

भुताला न भिणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, बोरीच्या शाळेतले आमचे हेडमास्तर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून गुरुजींनी भूत, देवी, अंगात येणं, सगळं घराबाहेर काढलेलं. मी तेव्हा नवा मास्तर. मला म्हणाले, "चल परभणीला. तो हिंदी भुताचा पिच्चर लागलाय, तीनचा खेळ बघू. लोक कशाला भ्यायलेत ते तरी कळंल."

टॉकीजमध्ये गुरुजी सुरुवातीपासून मोठ्यानं सांगायलेत, "दार आपोआप उघडलं न्हाई, दोरी बांधलीय. ते रगत न्हाई, रंग हाय." मागं बसलेला एक पैलवान गडी वैतागला, "ओ मास्तर, गप बसा की! आमाला भिऊ तरी द्या."

मग पडद्यावर कबरीची माती हलली, एक हात वर आला, अन् तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले. अंधार असा, की शेजारचा दिसंना. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या मनगटाला गार हात लागला आणि त्यानं घट्ट आवळलं. मी हात ओढून बघितला, सुटंना.

मागून त्याच पैलवानाचा बारीक आवाज आला, "मास्तर, त्या हाताला बी दोरी हाय ना? सांगा की."

मनगट आणखी आवळलं. मग माझ्या कानाशी वर्गातला खणखणीत आवाज आला, "दोरीच हाय! मी बघितली. बिनघोर बसा."

सगळ्या टॉकीजनं श्वास सोडला.

लाईट आली, पिच्चर संपला. बाहेर उन्हात आल्यावर मी हळूच म्हणालो, "गुरुजी, आता तरी हात सोडा."