अर्धा सेकंद आधी

—नाही साहेब, मशीन बिघडलेलं नाहीये, चित्रफितीचा प्रत्येक तुकडा तिथंच संपतो. तुमच्या बरोबर लक्षात आलं. तुमच्यासारखेच खेळाडू निवडायला दुसऱ्या कॉलेजांचे दोघं येऊन गेले, त्यांच्या नाही आलं, ते आमच्या पुढच्या फळीतल्या थॅडची मान बघूनच खूश होते. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. ग्रेडी येईलच, वजनखोलीत पोरांवर ओरडतोय — तो आवाज त्याचाच. आमचं लग्न जूनमध्ये झालं आणि ऑगस्टपासून मी त्याच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे सामने कॅमेऱ्यात धरते. आधीची बाई बाळंतपणाला गेली, तेव्हा ग्रेडी म्हणाला, तू तशीही गप्पच असतेस, कॅमेऱ्याच्या मचाणावर बरी. खरंय ते. वर वारा असतो, बोलायला कुणी येत नाही. नंतर इथं बसून कापाकापी करायची आणि थॅडभोवती गोल काढायचा, म्हणजे तुमच्यासारख्यांना शोधावं लागत नाही. तसा तो गोलाशिवायही दिसतो म्हणा — साडेसहा फूट, तीनशे दहा पौंड, दारातून येताना आधी खांदा तिरका करतो. वीत मोजलीत त्याची? साडेदहा इंच. लिहिलंत ना. खाली रेघही ओढलीत, छान.

काल त्याच्या घरी जाऊन आलात ना? त्याची आई, व्हर्नेल, सांगत होती मला दुकानात — एक साहेब आले, माझी बिस्किटं खाल्ली आणि सारखे माझ्या मनगटांकडे बघत बसले, मी काय बाजारातली घोडी आहे का गं? मी म्हटलं, पोरगं अजून किती भरणार ते आईच्या हाडावरून बघतात. तर म्हणते, मग मलाच न्या म्हणावं फळीत, सतरा वर्षं कारखान्यात उभी आहे, कुणी हलवलं नाही अजून. हसून बोलते ती, पण बोटं मिटत नाहीत तिची, दिवसभर गार कोंबड्या हाताळून. मे महिन्यात शाळा संपली की थॅडला तिथंच चिकटवायचं तिनं मुकादमाला सांगून ठेवलंय. तुमच्याकडून स्कॉलरशिप आली नाही तर, म्हणजे. ते आधीचे दोघं परत फिरकले नाहीत. आता तुम्हीच.

हां, तुकडे. तुम्हाला वाटलं असेल, शिट्टीनंतरही मारतो म्हणून कापलं, किंवा लंगडतो. नाही हो. तो हात देतो. समोरच्याला आडवा करतो, मग वाकून हात देतो आणि उठवतो. एकदा तर एका पोराचा सुटलेला बूट शोधून दिला, पुढचा डाव थांबला होता त्याच्यासाठी. ग्रेडी म्हणतो, कॉलेजवाल्यांना पुढच्या फळीत खुनशी गडी लागतो, पाहुणचार करणारा नाही — काप. म्हणून मी कापते, तो वाकायच्या अर्धा सेकंद आधी. हसलात? म्हणजे एवढ्यानं काही बिघडत नाही? मला वाटलंच होतं. ग्रेडीला म्हणालेही होते, पण तो कोच आहे, मी नुसती खटका दाबते.

पहिला तुकडा? परत? चौथ्यांदा बघताय. लावते. हो, चांगलाच आहे — समोरच्याला सरळ दहा यार्ड मागं रेटत नेलाय. बघा, पाय थांबत नाहीत त्याचे. आठवडाभर ग्रेडी तेच ओरडत होता, शिट्टी होईपर्यंत पाय थांबले तर घरी चालत जाशील. डन्लॅपच्या शाळेशी होता, पाचवा सामना. तो समोरचा कोल्बी, त्यांचा. — हो, हा लवकर कापलाय, बाकीच्यांपेक्षा लवकर. यातही दिला हो हात. कोल्बी उठला नाही, एवढंच. पाय गुडघ्याखाली भलतीकडं वळला होता. नियमात होतं सगळं, पंचांनी फाउलचा झेंडासुद्धा टाकला नाही. भिंगातून फार जवळ दिसतं आणि आवाज येत नाही, नुसतं उघडं तोंड दिसतं. थॅड हात पुढं करून तसाच उभा. मग गुडघ्यावर बसला, स्ट्रेचर येईपर्यंत. मी कॅमेरा हलू दिला नाही. रात्री ग्रेडी म्हणाला, काय स्थिर हात आहे गं तुझा. आणि म्हणाला, हा पहिला लाव. लावला. मग आम्ही जेवलो.

त्यानंतरचे? पाच झाले त्यानंतर. हो, त्यातलं यात काही नाहीये. त्या दोघांनीही मागितले होते, ग्रेडीनं पाठवले नाहीत. नाही नाही, दुखापत नाही, घोटे बघा किती मऊसूत वाकतात, एवढ्या देहाचा माणूस एरवी असा खाली बसू शकत नाही — सोडून देतो तो, साहेब. समोरच्याचा तोल गेला की हात काढून घेतो. शिट्टीच्या आधी. त्यानं सोडलेल्या गड्यांनी आमच्या चेंडू फेकणाऱ्याला दोनदा पाठीमागून झोपवलं, आणि ती पाठ राखणं हेच तर थॅडचं काम. ग्रेडीनं सगळ्यांसमोर त्याला आत्याबाई म्हटलं. थॅड म्हणाला, हो कोच. पुढच्या सामन्यात परत तेच. मला वरून आधी कळतं आता. त्याची बोटं उघडतात.

हे मी सांगायला नको होतं, नाही का? पाच आठवडे कुणी विचारलंच नाही. तुम्ही नुसतं 'का' म्हणालात.

लिहिताय. उलटं असलं तरी वाचता येतं मला. 'लेचापेचा.' एवढंच? तीनशे दहा पौंडांचा माणूस, साहेब. वर ती वीत लिहिलीय, तिच्याखाली रेघ आहे, आणि तिच्याखाली हे. पेन्सिलच आहे ना ती? व्हर्नेलनं तुम्हाला उरलेली बिस्किटं बांधून दिली असतील, ती सगळ्यांना देते. नाही, त्याचा यात काय संबंध, बरोबर आहे. असाच बोलले.

वजनं थांबली. येतोय तो. — काही नाही रे ग्रेडी, घोट्यांचं विचारत होते. चांगले आहेत म्हटलं. हो, पहिला आवडला त्यांना, चारदा बघितला. — निघा साहेब तुम्ही, दिवा मी बंद करते. वही मिटायच्या आधी फक्त तो खालचा एक शब्द —